पिल्लाच्या अंगातली चरबी कोणाची?

जिताडा या माशाची चौदा दिवसांची पिल्ले काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरली, तेव्हा प्रत्येकाच्या पोटात आर्टेमिया या जिवंत खाद्याचा नारिंगी रंग स्पष्ट दिसत होता, आणि पोट भरलेले पिल्लू म्हणजे सुखरूप पिल्लू, असा माझा त्या वेळी समज होता. मत्स्यविज्ञानाची पदवी घेऊन मी तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील एका हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, नुकताच उमेदवारीला लागलो होतो. चार दिवसांनी ग्रेडिंगची पाळी आली. जिताडा हा आपल्याच भावंडांना खाणारा मासा असल्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून मोठी आणि लहान पिल्ले दर तीन-चार दिवसांनी चाळून वेगळी करावी लागतात, नाहीतर टाकीत थोडी धष्टपुष्ट पिल्ले तेवढी शिल्लक राहतात. पाच क्रमांकाच्या टाकीतली पिल्ले चाळणीत घेतली आणि काही क्षणांत त्यांतली कितीतरी ताठ झाली, कल्ले फाकवून एका कुशीवर कलंडली आणि तळाला गेली. काही पुन्हा उठली. बरीच उठली नाहीत. शेजारच्या सहा क्रमांकाच्या टाकीत त्याच मादीची, त्याच रात्रीच्या अंड्यांतली पिल्ले होती. पाणी एकच होते, चाळणी तीच होती, हात माझेच होते. तिथली पिल्ले मात्र चाळणीतून सुटताच सुळकन पळाली.

दोन टाक्यांत फरक होता तो एका बाटलीचा. आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरांत राहणारा चिमुकला कवचधारी जीव आहे आणि जगभरच्या हॅचऱ्यांत माशांच्या पिल्लांचे ते मुख्य जिवंत खाद्य आहे. परंतु पिल्लांना घालण्यापूर्वी त्याला काही तास माशाच्या तेलाच्या दुधाळ मिश्रणात ठेवून ते तेल खाऊ घालावे लागते. हॅचरीच्या बोलीत याला ‘एनरिचमेंट’ म्हणतात. सहा क्रमांकाच्या टाकीसाठी नवी बाटली फोडली होती. पाच क्रमांकाच्या टाकीला मात्र महिनाभर आधी उघडलेली आणि वीज जाण्याच्या दिवसांत फ्रिजबाहेर, एअर पंपाशेजारच्या फळीवर राहिलेली बाटली संपवायला घेतली होती. तिथले जुने तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, त्यांनी काही न बोलता ती बाटली माझ्या नाकाशी धरली. खिडक्यांना नुकताच तेलरंग दिल्यावर घरात जो वास येतो, तसा वास होता.

दोन टाक्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मला तेव्हाही कळत होते. पाच क्रमांकात एखादा जिवाणू शिरला असेल, हवेच्या नळीत कचरा अडकला असेल. तरीही हाताळताच मूर्च्छा येणे हे लक्षण सागरी माशांच्या हॅचऱ्यांत इतके परिचित आहे, आणि त्याचा संबंध पिल्लांच्या अंगातल्या मेदाम्लांशी, म्हणजे मेद ज्यांपासून बनतो त्या आम्लांशी, इतक्या वेळा जोडला गेला आहे, की पुढे पदव्युत्तर अभ्यासाला विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही.

हा विषय समजून घ्यायला जवसापासून सुरुवात करणे सोयीचे. जवसात ओमेगा-३ असते, म्हणून जवसाची चटणी खावी, असे हल्ली पुष्कळ सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. जवसाच्या तेलाचा साधारण निम्मा भाग ओमेगा-३ कुळातल्या लिनोलेनिक आम्लाचा असतो. मात्र कुळ एक असले तरी त्यातल्या व्यक्ती निराळ्या असतात. लिनोलेनिक आम्लाच्या रेणूत १८ कार्बन अणूंची साखळी असते आणि तिच्यात तीन दुहेरी बंध असतात. माशाच्या तेलातले ईपीए २० कार्बनचे व पाच दुहेरी बंधांचे असते, आणि डीएचए २२ कार्बनचे व सहा दुहेरी बंधांचे. जितके दुहेरी बंध जास्त, तितकी ती साखळी वाकडी आणि लवचीक. म्हणूनच डोळ्यातल्या दृष्टिपटलाच्या आणि मेंदूतल्या चेतापेशींच्या पटलांत, जिथे प्रथिनांना क्षणार्धात आकार बदलावा लागतो, तिथे डीएचएची गर्दी असते. आणि जितके दुहेरी बंध जास्त, तितके ते हवेतल्या ऑक्सिजनला लवकर बळी पडते. जवसाचे तेल हवेत वाळून रंगाचा थर धरते, तोच प्रकार माशाच्या तेलात आणखी वेगाने सुरू होतो. त्या बाटलीला तेलरंगाचा वास आला होता, तो यामुळे.

गोड्या पाण्यातला मासा १८ कार्बनच्या साखळीला दोन-दोन कार्बन जोडून आणि नवे दुहेरी बंध घालून आपल्यापुरते ईपीए व डीएचए तयार करू शकतो. त्यासाठी लागणारी विकरे (एन्झाइम) त्याच्याजवळ असतात. रोहू-कटल्याच्या संवर्धन तळ्यात मत्स्यजिरे सोडल्यावर शेतकरी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा मिसळून टाकतो, त्यात डीएचए नावालाही नसते, आणि तरीही पिल्ले तळ्यातल्या प्लवकांच्या जोडीने त्यावर वाढतात. समुद्रातल्या बहुतेक मांसाहारी माशांत मात्र ही विकरांची साखळी अपुरी असते. कुठे एखादे विकर नसते, कुठे असूनही फार मंद चालते. जिताडा आयुष्याचा बराच काळ खाडीत आणि नदीत काढत असला तरी अंडी घालायला खाऱ्या पाण्यात उतरतो, आणि या बाबतीत त्याच्या पिल्लांची गणना सागरी माशांतच करावी लागते. याचे कारण सरळ आहे. समुद्रात सूक्ष्म शैवाले डीएचए बनवतात, त्या शैवालांवर कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव जगतात आणि माशांची पिल्ले त्या कोपेपॉडांवर. जे जन्मापासून ताटात वाढलेले मिळते, ते घरी शिजवण्याची विद्या लाखो वर्षांत क्षीण झाली तर नवल नाही. (याला अपवाद आहेत. शैवाल चरणाऱ्या एका सागरी माशात डीएचए थेट तयार करण्यास मदत करणारे विकर २०१० साली सापडले, आणि पृष्ठवंशीय प्राण्यांत त्याची ती पहिलीच नोंद होती.)

आता टाकीतल्या पिल्लाची अडचण लक्षात येते. जिताड्याचे अंडे पाऊण मिलिमीटरचे असते. तिशीच्या आसपासच्या तापमानात ते पंधरा-अठरा तासांत फुटते आणि दीड मिलिमीटर लांबीचे पिल्लू बाहेर येते. त्याच्याजवळ पीतक आणि तेलाचा एक थेंब एवढीच शिदोरी असते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास तोंड उघडते, आणि त्या तोंडात मावेल असे हलते खाद्य हवे असते, कारण या वयात पिल्लू हललेल्या वस्तूवरच झडप घालते आणि त्याचे पचनसंस्थान कोरडी भुकटी पचवण्याइतके तयार नसते. पहिले दहा-बारा दिवस रोटिफर हा आर्टेमियाहूनही लहान जलजीव, पुढे आर्टेमिया, आणि तीन आठवड्यांनंतर हळूहळू कोरडे खाद्य, असा हॅचरीचा साधारण क्रम असतो. समुद्रात या काळात ते कोपेपॉडची पिल्ले खात असते. हॅचरीत कोपेपॉड हवे तितके आणि हवे तेव्हा वाढवता येत नाहीत. रोटिफर बादलीत दिवसाला दुपटीने वाढवता येतात आणि आर्टेमियाची सुकी अंडी टिनच्या डब्यातून विकत मिळतात. म्हणजे पिल्लाचा आहार ठरतो तो आमच्या सोयीने.

रोटिफरचा इतिहास मोठा मजेशीर आहे. जपानमधल्या ईल माशांच्या तळ्यांत तो एक उपद्रव म्हणून ओळखला जात असे, कारण त्याची वाढ अनावर झाली की तळ्यातले हिरवे पाणी पाहता पाहता शैवालहीन होऊन जाई. १९६० च्या सुमारास इतो नावाच्या संशोधकाने हा उपद्रवी जीव खाऱ्या पाण्यात वाढवून माशांच्या पिल्लांना खाऊ घालता येईल हे दाखवले, आणि मादाई या तांबड्या माशाच्या हॅचऱ्या त्यावर उभ्या राहिल्या. रोटिफरला खायला हिरवे शैवाल पुरेना, तेव्हा बेकरीतले यीस्ट देण्यास सुरुवात झाली. रोटिफर यीस्टवर उत्तम वाढले; ते रोटिफर खाणारी मादाईची पिल्ले मात्र मोठ्या संख्येने मरू लागली. रोटिफरची संख्या तीच, आकार तोच, पिल्लांची पोटेही भरलेली. ताकेशी वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात रोटिफर, आर्टेमिया आणि पिल्ले या तिघांच्या मेदाम्लांचे विश्लेषण करून दाखवले की यीस्टवर वाढलेल्या रोटिफरमध्ये लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले जवळजवळ नसतात, आणि तेच रोटिफर पिल्लांना घालण्याआधी काही तास सागरी शैवालात ठेवले तर ही उणीव भरून निघते. पुढे यीस्ट वाढवतानाच त्यात माशाचे तेल मिसळून ‘ओमेगा यीस्ट’ तयार करण्यात आले आणि त्यानंतर तेलाचे दुधाळ मिश्रण थेट रोटिफरलाच पाजण्याची पद्धत आली. पाच क्रमांकाच्या टाकीची ती बाटली म्हणजे या वाटचालीचेच अपत्य.

वातानाबे यांच्या गटाने आर्टेमियाचेही दोन प्रकार पाडले. काही ठिकाणच्या आर्टेमियात ईपीए बऱ्यापैकी असते, त्याला त्यांनी सागरी प्रकार म्हटले. काहींत ईपीए अगदी थोडे आणि लिनोलेनिक आम्ल भरपूर असते, त्याला गोड्या पाण्याचा प्रकार म्हटले. राहतात दोन्ही खाऱ्या पाण्यातच; नावे त्यांच्या मेदावरून पडली. अमेरिकेतील युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून जगाच्या बाजारात येणारी आर्टेमियाची अंडी बहुतांशी या दुसऱ्या प्रकारातली असतात, आणि डीएचए तर दोन्ही प्रकारांत नसल्यात जमा. थोडक्यात, एनरिचमेंट न केलेला आर्टेमिया जिताड्याच्या पिल्लाला घालणे म्हणजे त्याला जवसावर वाढवणे होय. ओमेगा-३ चे आकडे कागदावर छान दिसतात, पिल्लाच्या अंगातही लिनोलेनिक आम्ल साचत जाते, आणि ज्याची गरज आहे ते डीएचए दिवसेंदिवस घटत जाते.

प्रयोगशाळेत हे मी स्वतः मोजले, तेव्हा दोन गोष्टी शिकलो, ज्या पुस्तकात एका ओळीत संपतात. पहिली म्हणजे नमुना घेण्याआधी पिल्लांना काही तास उपाशी ठेवून त्यांची आतडी रिकामी होऊ द्यावी लागते. तसे केले नाही तर पिल्लाचा मेद म्हणून आपण आर्टेमियाचाच मेद मोजतो, आणि आहाराचा परिणाम किती थेट होतो, असे म्हणत बसतो. माझा पहिला संच असाच वाया गेला. दुसरी म्हणजे पिल्लाचा सगळा मेद एका भांड्यात मोजून फारसे काही कळत नाही. क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल दोनास एक या प्रमाणात घेऊन मेद बाहेर काढला, की त्याचे निदान दोन भाग वेगळे करावेत: साठ्याचा मेद, म्हणजे ट्रायग्लिसराइड, आणि बांधकामाचा मेद, म्हणजे पेशींची पटले ज्यापासून बनतात ते फॉस्फोलिपिड. मग प्रत्येकाची मेदाम्ले वायू-वर्णलेखन यंत्रावर पाहावीत. हे सारे नायट्रोजनच्या झोताखाली, हात चालवून करावे लागते, नाहीतर जे डीएचए मोजायचे तेच हवेत जळून जाते.

साठ्याचा मेद कणगीसारखा असतो. या वर्षी वरी पिकली तर कणगीत वरी, भात पिकला तर भात. आहारातली मेदाम्ले तिथे जवळजवळ जशीच्या तशी उतरतात, आणि खाद्य बदलले की काही दिवसांत तिथला हिशेबही बदलतो. बांधकामाच्या मेदाचे तसे नसते. पिल्लू तिथे निवड करते. आहारात डीएचए थोडे असले तरी ते साठ्यात न टाकता मेंदूच्या आणि डोळ्याच्या पटलांकडे वळवते, आणि उपाशी राहिले तर इंधन म्हणून आधी इतर मेदाम्ले जाळते, डीएचएला शक्यतो हात लावत नाही. ही काटकसर पाहून मला त्या इवल्या जिवाचे कौतुक वाटले होते. परंतु पिल्लाचे वजन दिवसागणिक झपाट्याने वाढत असते, आणि वाढणाऱ्या घराला नवी भिंत लागतेच. शिदोरीतले डीएचए नव्या पेशींत वाटले जाऊन विरळ होते, आणि आहारातून ते आले नाही तर भिंतीत जे हाताशी असेल ते बसवावे लागते: लिनोलेनिक, ओलेइक, थोडे ईपीए. भिंत उभी राहते. तिची लवचीकता निराळी असते, आणि ते एरवी दिसत नाही, चाळणीत दिसते.

भिंत निराळी झाल्याने नेमके काय बिघडते, याची दोन उदाहरणे मला फार आवडतात. स्कॉटलंडमध्ये बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरिंग माशांच्या पिल्लांना डीएचए नसलेल्या आहारावर वाढवले आणि वेगवेगळ्या उजेडात त्यांनी भक्ष्य टिपल्याची नोंद ठेवली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असे दिसले की भरपूर उजेडात ती व्यवस्थित खात होती, मंद उजेडात मात्र त्यांना भक्ष्य नीट दिसत नव्हते. मंद उजेडात पाहण्यासाठी डोळ्यातल्या दंडपेशी लागतात, हेरिंगमध्ये त्या रूपांतरणाच्या सुमारास तयार होतात, आणि त्यांची पटले डीएचएने गच्च भरलेली असतात. दुसरे उदाहरण जपानमधले. मासुदा आणि सहकाऱ्यांनी बुरी या माशाची, म्हणजे यलोटेलची, पिल्ले डीएचए असलेल्या आणि नसलेल्या आर्टेमियावर वाढवली. डीएचए मिळालेली पिल्ले ठरावीक वयात थवा करून एका दिशेने पोहू लागली. न मिळालेली पिल्ले वाढली, पोहत राहिली, पण त्यांचा थवा झाला नाही. समुद्रात जिथे थव्याबाहेरचा मासा आधी खाल्ला जातो, तिथे याचा अर्थ काय होईल हे सांगायला नको.

डीएचए इतके मोलाचे असेल तर ते भरमसाट घालावे, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नवशिक्या हॅचरीवाले तसे करतातही. इथे मेदाचे स्वरूप आडवे येते. माशाच्या पिल्लाला आतड्यात शोषलेला मेद पुढे यकृताकडे आणि शरीराकडे पाठवायला त्याची पुडकी बांधावी लागतात, आणि त्या पुडक्यांचे वेष्टन फॉस्फोलिपिडचे असते. हे वेष्टन स्वतः पुरेसे बनवण्याची पिल्लाची क्षमता सुरुवातीच्या आठवड्यांत तोकडी असते. बाटलीतले तेल मुख्यतः ट्रायग्लिसराइडच्या रूपात असते, आर्टेमियाच्या अंगातही ते त्याच रूपात साठते, आणि ते गरजेपेक्षा जास्त झाले तर आतड्याच्या पेशींत तेलाचे थेंब साचून राहतात. माल गोदामात पडून आणि पोती संपलेली, अशी ती अवस्था असते. कागोशिमाच्या कानाझावा यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयू माशाच्या पिल्लांना आहारातून फॉस्फोलिपिड दिल्यास पाठीच्या कण्याचे वाकणे कमी होते, हे दाखवले होते. पुढे फ्रान्समधल्या इफ्रेमेर या संस्थेतील काहू आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या सी बासवर हेच सूत्र अधिक नेमके केले: ईपीए व डीएचए ट्रायग्लिसराइडमधून न देता फॉस्फोलिपिडमधून दिल्यास वाढ चांगली होते आणि विकृती घटतात. कोपेपॉड श्रेष्ठ का, याचे एक मोठे उत्तर इथे आहे. त्यात डीएचए तर असतेच, शिवाय ते बरेचसे फॉस्फोलिपिडच्या वेष्टनासकट येते. सोयाबीनच्या लेसिथिनमधून वेष्टन मिळते, डीएचए मिळत नाही. माशाच्या तेलातून डीएचए मिळते, वेष्टन मिळत नाही. दोन्ही एकत्र हवे असेल तर क्रिलचे किंवा माशांच्या गाभोळीचे फॉस्फोलिपिड वापरावे लागते, आणि त्याची किंमत पाहून हॅचरीचा मालक चहा मागवतो व विषय बदलतो.

प्रमाणाचाही प्रश्न आहे. स्टर्लिंग विद्यापीठातल्या सार्जंट यांनी आग्रहाने मांडले होते की नुसते डीएचए किती हे पाहू नये, डीएचए, ईपीए आणि ओमेगा-६ कुळातले अॅराकिडोनिक आम्ल यांचे एकमेकांशी प्रमाण पाहावे, कारण ही आम्ले एकाच विकरासाठी, पटलातल्या एकाच जागेसाठी आपसांत स्पर्धा करतात. माशांच्या अंड्यांत डीएचए साधारणपणे ईपीएच्या दुप्पट आढळते, तेव्हा पिल्लाच्या आहारातही तसे असावे, हा त्यांचा तर्क मला आजही पटतो. चपट्या माशांत अॅराकिडोनिक आम्ल जास्त झाले तर अंगाचा रंग नीट धरत नाही आणि पांढरी पिल्ले निपजतात, हे टर्बट व सोल या माशांत दिसले आहे. आर्टेमिया या प्रमाणाच्या बाबतीत मोठा अवसानघातकी आहे. त्याला पाजलेल्या डीएचएचा काही भाग तो स्वतःच मोडून त्याचे ईपीए करतो. त्यामुळे बाटलीवर छापलेले प्रमाण आणि पिल्लाच्या पोटात पोहोचणारे प्रमाण यांचा मेळ बसत नाही, आणि आपल्याकडच्या २८-३० अंशांच्या पाण्यात ही मोडतोड आणखी वेगाने होते. रोटिफरचा त्रास वेगळा: त्याच्या आतड्यातला माल अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडतो, म्हणून तेल पाजून झाल्यावर रोटिफर टाकीत सोडायला उशीर केला की आपण रिकामी पाकिटे वाटत बसतो.

अंड्यातल्या शिदोरीचा उल्लेख वर केला. तीही आहाराचीच असते, फक्त आईच्या. ज्या हॅचरीत मी होतो तिथे अंडी घालणाऱ्या जिताड्यांना तारली घातली जात असे, आणि तारलीसारखा तेलकट मासा या कामी उत्तमच. मादाई आणि गिल्टहेड सी ब्रीम या माशांत तर असे दिसले आहे की प्रत्यक्ष विणीच्या हंगामात आईला दिलेल्या खाद्याचा परिणामही थोड्या आठवड्यांत अंड्यांच्या मेदात उतरतो. उलट दिशेनेही प्रयत्न झाले. फ्रान्समध्ये सी बासच्या पिल्लांना लहानपणीच लांब साखळीची आम्ले कमी असलेले खाद्य देऊन पाहिले, की मोठेपणी वनस्पती-तेलावर जगताना त्यांची विकरे अधिक कामाला लागतात का. संबंधित जनुक अधिक व्यक्त झाले, मात्र मासा स्वतःचे डीएचए स्वतः भागवू लागला असे काही झाले नाही. लहानपणी उपास घडवून मोठेपणी काटकसरी बनवण्याची ही कल्पना मला व्यक्तिशः फारशी भावली नाही, पण प्रश्न विचारण्यासारखा होता यात शंका नाही.

माझे घर खारेपाटातले आहे. पेण-अलिबागच्या या पट्ट्यात खारबंदिस्तीच्या आत घरोघरी पावसाच्या पाण्याचे तलाव असतात आणि त्यांत जिताडा वाढवायची जुनी रीत आहे. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात आणि बंगाल्यांत भेटकी, तोच हा मासा. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्थेने १९९७ साली भारतात पहिल्यांदा त्याचे बीज हॅचरीत तयार केले, पण आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीपर्यंत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापर्यंत, आलेली पिल्ले पकडून तलावात सोडली जात आहेत. वडिलांना मी एकदा हॅचरीचे बीज आणून दिले, तेव्हा त्यांनी ते ओंजळीत घेऊन पाहिले आणि विचारले, याला आतापर्यंत काय घातलेत. मी आर्टेमिया आणि तेलाची हकिगत सांगितली. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि विचारले, मग ते तेल कोणत्या माशाचे. प्रश्न अगदी बरोबर होता. खाडीतून आलेल्या पिल्लाच्या अंगातले डीएचए शैवालापासून कोपेपॉडमार्गे त्याच्यापर्यंत दोन पायऱ्यांत पोहोचलेले असते. आमच्या पिल्लाच्या अंगातले डीएचए समुद्रातल्या शैवालापासून निघून कोपेपॉड, मग बहुधा पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही, तेलाची गिरणी, दुधाळ मिश्रणाची बाटली आणि युटाच्या सरोवरातला आर्टेमिया एवढा प्रवास करून येते. आता शिझोकायट्रियम नावाच्या, टाकीत वाढवता येणाऱ्या सूक्ष्मजीवापासून काढलेले डीएचए मिळते, त्यामुळे मधला अँकोव्ही आणि गिरणी वगळता येतात, आणि मी सध्या तेच वापरतो.

पाच क्रमांकाच्या टाकीनंतर माझ्या कामात काही सवयी कायमच्या शिरल्या. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहायची, ती फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात ठेवायची आणि दर वेळी हुंगायची. आर्टेमिया अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही तास त्याचे तोंड उघडलेले नसते, तेव्हा त्याला तेल पाजणे म्हणजे पाण्यात तेल ओतणे; म्हणून पहिली कात टाकेपर्यंत थांबायचे. एनरिचमेंट झालेला आर्टेमिया धुऊन, दहा अंशांच्या खाली थंड करून, थर्मोकोलच्या पेटीत हवा सोडून ठेवायचा, म्हणजे त्याची हालचाल आणि डीएचएची मोडतोड दोन्ही मंदावतात, आणि त्यातून दिवसभरात चार-पाच खेपांना थोडा थोडा पिल्लांना घालायचा. सकाळच्या खेपेतला आर्टेमिया दुपारी टाकीत तरंगताना दिसला तर नवा मुलगा म्हणतो, खातील की सर, वाया कशाला घालवायचा. आम्ही तो जाळीने गाळून काढतो, कारण सकाळी सोडलेला आर्टेमिया दुपारी तेवढाच नारिंगी दिसत असला तरी त्याच्या अंगात सकाळइतके डीएचए राहिलेले नसते, आणि त्याने पोट भरलेले पिल्लू पुढच्या खेपेचे खात नाही.